सरोजाची डावी बाजू

सरोजा आमच्या घरात शिरायची ती भिंतीकडं बघत. माझ्याकडं नाही. माझ्या नवऱ्याचा फोटो, देवीचं कॅलेंडर, मीटरची पेटी, जे वाकडं दिसेल ते आधी सरळ करायचं, मग खुर्ची ओढायची, मग विचारायचं, "काय अक्का, झालं जेवण?" नवऱ्याचा फोटो मी कधीकधी मुद्दाम तिरका करून ठेवत असे. ती त्याला हात लावताना कन्नडात दटावायची, "अण्णा, नेट्टगे निल्ली." सरळ उभे राहा. जिवंतपणी तो माणूस सरळ उभा राहिलेला मी क्वचित पाहिला. मेल्यावर तिनं त्याला रांगेत आणलं.

"नेट्टगे" हा तिचा शब्द. सरकारी कन्नड शाळेत ती पी.टी. शिकवायची. साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. प्रार्थनेला पोरं उभी केली की ती रांगेच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून बघायची. एखाद्याचं डोकं बाहेर दिसलं की लांबूनच ओरडायची. बनशंकरीच्या बसस्टॉपवर बापे रांग सोडून उभे असले तरी तिच्या तोंडातून तोच शब्द निघायचा, आणि गंमत म्हणजे ते सरकायचेसुद्धा.

स्वतःच्या घरात मात्र हा पसारा. पोळपाटावर कंगवा, मिठाच्या बरणीत चहाचा चमचा, डब्यांवर नावं एक आणि आत माल दुसरा. मी बोलले तर म्हणायची, "पोरांना रांग लागते अक्का, डब्यांना कशाला? डबे कुठं पळून जातात?"

आमचं घर बनशंकरीत, देवळापासून चालत जाण्याजोगं. खाली मी, वर ती. घर माझं, पण भाडेकरू म्हणून तिला कधी वागवता आलं नाही. तिनं वागवू दिलं नाही. तिच्यापेक्षा मी मोठी, म्हणून अक्का, पण दटावायची मलाही. मी खाली बसून शेंगा सोलत असले तर वरून आवाज यायचा, "पाठ!"

तिचा नवरा मारुतीराव. यशवंतपूरच्या बाजारात एका धान्याच्या दुकानात त्यांचा जन्म गेला. आलेला माल मुठीत घ्यायचा, या तळहातावरून त्या तळहातावर सोडायचा, आणि "सरी" म्हणायचं, नाहीतर "सरी इल्ला". चांगलं, नाहीतर नाही. घरीही तेवढंच बोलत. आमटीला सरी, सुनेला सरी, पावसाला सरी इल्ला. सरोजा दोघांचं मिळून एकटी बोलायची, त्यामुळं वरच्या घरात भांडण चाललंय की गप्पा हे खालून कळत नसे.

आता मुद्द्याचं सांगते. सरोजाला पंचेचाळिशीच्या सुमाराला डाव्या बाजूला गाठ आली. कॅन्सर निघाला. पुस्तकात त्या जागेला स्तन म्हणतात. आम्ही छाती म्हणतो आणि विषय बदलतो. इथं विषय बदलून चालणार नाही, कारण तिचं सगळं त्यावरच अडलं. डॉक्टरांनी ती बाजू काढली आणि आत सिलिकॉनची पिशवी बसवून दिली. इम्प्लांट. नंतर विजेचा शेक दिला, त्यानं कातडी भाजल्यासारखी काळी पडली. दुखणं गेलं. ती परत शाळेत गेली, शिट्टी गळ्यात घातली.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग ती पिशवी आत आखडायला लागली. शरीर तिच्याभोवती कवच धरतं आणि ते कवच आवळत जातं, असं डॉक्टर सांगत. डावी बाजू दगडासारखी घट्ट झाली आणि वर चढली, गळ्याकडं. उजवी बाजू वयाप्रमाणं खाली उतरली, जशी सगळ्यांची उतरते. माणूस एक आणि बाजू दोन वेगवेगळ्या बायकांच्या. वाकड्या फोटोखाली जिला बसवत नसे, तिची ही गत.

मग तिनं युक्त्या सुरू केल्या. डावीकडं खाली रुमालाची घडी, उजवीकडं ओढून बांधणं. डावा खांदा पाडायचा, उजवा उचलायचा, म्हणजे वरून बघणाऱ्याला समान वाटतं. हे दिवसभर. पदर तिनं कमरेतून काढला आणि अंगभर घेतला. पोरांना "नेट्टगे" म्हणणारी बाई स्वतः उजवा खांदा वर करून उभी राहायला लागली. पोरं तिची नक्कल करायची. मी स्वतः पाहिलंय, आमच्या गल्लीतल्याच दोघी करत होत्या.

स्वातंत्र्यदिनाची कवायत तिची. एका वर्षी पाहुणे आलेले, झेंडा वर गेला, सरोजानं सलामीला हात उचलला आणि रुमालाची घडी सरकून गळ्यातून बाहेर डोकावली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, "मिस, तुमचा रुमाल!" मास्तर लोक जमिनीकडं बघायला लागले. सरोजानं रुमाल सावकाश ओढून काढला, त्यानं तोंडाचा घाम पुसला, घडी घालून कमरेला खोचला, शिट्टी वाजवली आणि कवायत पुरी केली. तशीच, एका बाजूनं.

संध्याकाळी येऊन मला सांगताना खूप हसली. मला काही हसू आलं नाही. ती म्हणाली, "हस की अक्का. हसण्यासारखं आहे."

"तुला हसायचं तर हस," मी म्हणाले. तिनं उठून माझ्या नवऱ्याचा फोटो सरळ केला. तो सरळच होता.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला गल्लीतल्या बायकांच्या पाठी चोळायचं काम माझ्याकडं असतं. कुणी सोपवलं नाही, माझा हात जड म्हणून आपोआप आलं. पहाटे माझ्या न्हाणीत पाणी तापतं, एकेक बाई येते, पाटावर बसते, मी तेल लावते. कमरेच्या वर कुणी काही ठेवत नाही. तेल लावताना कोण कुणाला बघतं? पूर्वी सरोजा सगळ्यांत आधी यायची आणि पाटावर बसून बडबड करायची. त्या आजारानंतर सगळ्यांत शेवटी यायला लागली, टॉवेल गळ्यापासून गच्च धरून. मी पाठ चोळायची, पुढचं ती स्वतः, टॉवेलाच्या आतून. मी कधी "सोड" म्हटलं नाही. ज्याचा त्याचा टॉवेल.

ती शाळेतून रिटायर झाली त्या वर्षी डाव्या बाजूनं दुखायला लागलं. त्या कुशीवर झोपता येईना, थंडीत आतून गार गोळा लागायचा. सून ऋचा तिला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. ऋचा पुण्याची, कॉम्प्युटरमधली. लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, "आई, तुमचं मराठी किती क्यूट आहे!" सरोजानं विचारलं होतं, "म्हणजे वाकडं ना?" तेव्हापासून दोघींचं जमलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, पिशवी आणि कवच काढून टाकायचं, कातडी सपाट शिवायची. दुखणं थांबेल, धोका कमी. दुसरा, जुनी काढून नवी बसवायची, तिची जागा खाली आणायची आणि उजवी बाजू थोडी उचलून घ्यायची, म्हणजे दोन्ही समान दिसतील. पण शेक दिलेली कातडी पातळ झालेली असते, भरून येईलच याची खात्री नाही. नाही भरली तर नवी पिशवीही काढावी लागेल. हे त्यांनी कन्नडात, सावकाश, दोनदा सांगितलं.

त्या रात्री वर जेवायला मीही होते. मुलगा किरण होसकोट्याच्या कारखान्यातून उशिरा आला, हात धुतले आणि सुरू झाला.

"आई, सपाट करून टाक. दुखायचं थांबलं की झालं."

"तुझं पोट उद्या एकाच बाजूला सुटलं तर तू काय करशील?"

"पोटाचा काय संबंध?"

"आईंना हवंय तर करू दे ना," ऋचा म्हणाली. "बॉडी त्यांची आहे."

"तू मध्ये पडू नकोस, रिस्कही आईलाच आहे."

तेव्हा मारुतीराव ताटातून डोकं वर न करता बोलले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून क्वचित ऐकलं. "साठी झाली. आता कुणाला दाखवायचंय?"

वाढता वाढता सरोजाचा हात थांबला. "तुम्ही बघत नाही म्हणून मीही बघू नये काय? साडी मी नेसते. रोज. आरशापुढं."

मारुतीरावांनी भातावर सार घेतलं.

मग तिनं मला विचारलं, "अक्का, तू सांग."

मी सांगितलं. "काढून टाक आणि मोकळी हो. पातळ कातडीशी खेळू नको." आजही कुणी विचारलं तरी हेच सांगेन.

"सरी," ती म्हणाली, अगदी नवऱ्यासारखी. "सगळ्यांचं ऐकलं. दोन्हीकडं समान करायचं."

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी खुणा करायला बोलावलं. ऋचाला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेले. मारुतीराव बाहेर बाकावर बसले.

खुणा म्हणजे छातीवर जांभळ्या पेनानं रेषा काढतात, कुठं कापायचं, कुठवर आणायचं. त्या उभं करूनच काढाव्या लागतात, कारण आडवं झालं की सगळं आपापल्या बाजूला घरंगळतं. सरोजा खोलीच्या मध्ये उभी राहिली. टॉवेल सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाहिलं. डावी बाजू म्हणजे वाटी पालथी घालून वर ढकलल्यासारखी, कातडी चकचकीत. असं काही बघितलं की बायका हळहळतात. मी तिची कपड्यांची पिशवी धरून बसले होते, बसूनच राहिले.

डॉक्टरीणबाई पेन घेऊन समोर बसल्या आणि थांबल्या. "खांदा सोडा."

"सोडलाय की," सरोजा म्हणाली.

"उजवा. उजवा वर आहे."

"नाही हो, सोडलाय."

डॉक्टरीणबाईंनी उठून आपल्या हातानं तो खांदा खाली दाबला. हात काढला तसा तो पुन्हा वर गेला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. सरोजाला खरोखरच कळत नव्हतं. आयुष्यभर पोरांना सरळ उभं केलं आणि आता स्वतःला येईना. नर्सनं तिला श्वास सोडायला लावला, दोन्ही हात झटकायला लावले, खोलीत चालवलं. तेव्हा कुठं घटकाभर खांदा उतरला आणि बाईंनी भराभर रेषा काढून घेतल्या. जाताना बजावलं, "उद्या पहाटे साबणानं अंघोळ करा, पण ह्या रेषा चोळू नका."

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात नर्सनं गाऊन सोडला आणि तिच्या तोंडून "अय्यो" निघालं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. मीही पडद्यातून पाहिलं. जांभळ्या रेषा गेल्या होत्या. त्या जागी काळ्या पेनानं दोन गोल काढले होते, एक इकडं, एक तिकडं, अगदी समान. रांगोळीचे ठिपके जोडल्यासारखे नेटके.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

सरोजा पी.टी.च्या तासाला बोलावी तशी बोलली. "तुम्ही घाईत काढल्या होत्या काल. मी आरशात बघितलं. डावीकडची वर, उजवीकडची खाली, एक लांब, एक आखूड. हे कसं चालेल? मी पुसून वाटी ठेवून काढल्या. आता बरोबर आहेत, हवं तर पट्टीनं बघा."

खोबरेल लावून पुसल्या होत्या आणि नातवाच्या मार्करनं काढल्या होत्या. वाटी कोशिंबिरीची.

मला वाटलं बाई चिडणार. त्या स्टुलावर बसल्या. पहिल्यांदा हसल्या, मग हसू पुसून म्हणाल्या, "सरोजम्मा, तुमच्या दोन बाजू मुळात वेगळ्या आहेत. रेषा समान काढल्या तर त्या वेगळ्याच राहतील. शेवटी समान दिसाव्यात म्हणून मला रेषा वाकड्या काढाव्या लागतात."

सरोजाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. आपली चूक झाली हे तिला माहीत नव्हतं, एवढंच नव्हे. अशी चूक होऊ शकते हेच ठाऊक नव्हतं. "असं होय," एवढंच म्हणाली. नर्सनं स्पिरिटनं गोल पुसले. पुन्हा उभं केलं, पुन्हा हात झटकायला लावले, पुन्हा तो खांदा. या वेळी तो उतरायला फार वेळ लागला. ऑपरेशनला उशीर झाला. बाहेर मारुतीराव बाकावर तसेच, हात मांडीवर उपडे.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन्हीकडून नळ्या बाहेर आलेल्या, त्यांना छोट्या बाटल्या, त्यात लालसर पाणी. ऋचा त्या बाटल्या मोजमाप बघून रिकाम्या करायची, नाक न मुरडता. पुण्याच्या पोरीबद्दल माझं मत तिथं बदललं.

नळ्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या आणि एके दिवशी सरोजा जिना उतरून खाली आली. माझ्या भिंतीकडं तिनं बघितलंच नाही. दार लावून घेतलं, पदर बाजूला केला आणि म्हणाली, "बघ."

मी बघितलं. दोन्हीकडं व्रण होते. पण उंची समान, आकार जवळजवळ समान.

"बरं झालंय," मी म्हणाले.

"नुसतं बरं?"

"नेट्टगे."

त्यावर ती जी हसली, ते हसू मला आवडलं, एवढं सांगते.

ते दिवस तिचे चांगले गेले. नवे ब्लाऊज शिवायला टाकले, शिंप्याला सांगितलं की दोन्हीकडचं माप एकच घे. हिरव्या रंगाचा एक आधी शिवून आला. तो घालून, पदर कमरेला खोचून ती शुक्रवारी देवळात लिंबाच्या सालीतले तुपाचे दिवे लावायला गेली आणि येताना बसस्टॉपवरच्या लोकांना रांगेत उभं करून आली. खांदा मात्र अजून वर होता. मी सांगितलं तर म्हणाली, "त्याला अजून कुणी कळवलं नाही."

मग डाव्या व्रणाच्या खालच्या टोकाला लाल झालं. फुटकुळीएवढं. तिनं हळद लावली, दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मग पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, सुया दिल्या, रोज बोलावून जखम धुतली. कातडी भरेना. भाजलेली कातडी, त्यांनी आधीच सांगितलं होतं. एक दिवस जखमेच्या आतून काहीतरी पांढरं चकाकलं. ती पिशवी होती.

काढावी लागली. डावीकडं सपाट शिवलं. उजवी मात्र उचललेली तशीच राहिली, तरुण बाईसारखी. म्हणजे सुरुवातीला होता त्याहून जास्त फरक झाला. किरण दवाखान्यात म्हणाला, "मी सांगत होतो." ऋचानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. मी तसं म्हणाले नाही. म्हणून काय कातडी भरणार होती?

घरी आल्यावर सरोजानं जुन्या मलमलीची एक पिशवी शिवली. आत कापूस, आणि वजनाला नाचणी. नुसता कापूस वर येतो, नाचणी जागेवर बसते. मारुतीरावांनी आणलेली नाचणी, डब्यातून काढून घेतलेली. घरात ती पिशवी घालत नसे. बाहेर जाताना घालायची, दूध आणायचं असलं तरी. शिवण तिला कधीच नीट आली नाही. ती जाईल त्या वाटेवर दाणे सांडत. माझ्या उंबऱ्यापाशी मुंग्या लागायच्या.

"अगं, गळतेय," मी म्हणायची.

"गळू दे. पाऊस पडला की तुझ्या दारात उगवेल, भाकऱ्या कर."

भिंतीवरचे फोटो सरळ करायचं तिनं सोडलं. मी एकदा नवऱ्याचा फोटो चांगला तिरका करून ठेवला. ती बसली, चहा प्याली, गेली. मलाच उठून सरळ करावा लागला.

त्या दिवाळीला पहाटे ती सगळ्यांत आधी आली. टॉवेल नव्हता. पाटावर बसली, एक बाजू सपाट, एक बाजू वर, मध्ये व्रणांचं जाळं. बाकीच्या बायका दारात आपापली पाळी धरून उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं. त्यातली एक बाहेर गेली. सरोजा म्हणाली, "लाव गं अक्का, गारठले."

मी पाठीला लावलं. मग पुढं लावलं, दोन्हीकडं. डाव्या बाजूला हाताखाली फासळ्या लागत होत्या. पूर्वी या पाटावर ती किती बोलायची.

पुढच्या वर्षी खोकला लागला. जुनं दुखणं छातीच्या आत गेलेलं. ऑपरेशनचा त्याच्याशी संबंध नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत. फार दिवस चाललं नाही.

ती गेली त्या सकाळी मी आणि गल्लीतल्या दोघींनी तिला अंघोळ घातली. शेवटची हळद लावली. पाटावर बसवता येत नाही, आडवंच घालावं लागतं. उजवा खांदा उतरला होता. मी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बघितलं, समान होते.

नेसवायला हिरवी साडी काढली. ऋचानं कपाटातून तो हिरवा ब्लाऊज आणला, दोन्हीकडं एक माप असलेला. घातला तर डावीकडचं कापड आत बसलं. ऋचा उठली आणि नाचणीची पिशवी घेऊन आली.

"कशाला आता?" शेजारची एक म्हणाली.

"बाहेर जाताना आई घालायच्या," ऋचा म्हणाली. तिचं रडू तोवर आलं नव्हतं, तेव्हा आलं. तिनं रडत रडतच पिशवी आत नीट बसवली, वरून पदर घेतला. आम्ही मळवट भरला, गजरा माळला आणि दार उघडलं.

मारुतीराव दारातच उभे होते. कुणी म्हणालं, थोडं थांबा, अजून नेत नाही. ते आत आले. पायाशी उभे राहिले आणि तिच्याकडं बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "सरी इल्ला."

आम्हाला कळेना.

"डावीकडं कमी आहे," ते म्हणाले. "गळलीय."

ते स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे आवाज येत राहिले, कारण त्या घरात कुठल्या डब्यात काय हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आले ते मूठ बंद करून. ऋचानं पिशवी काढली, एका टोकाची शिवण उसवून धरली. त्यांनी मुठीतून नाचणी आत सोडली, सवयीप्रमाणं, धार न तोडता. ऋचानं टाके घातले आणि पिशवी परत बसवली. ते मागं सरकले, बघितलं, मान हलवली.

"स्वल्प अजून," म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

दुसऱ्या वेळी बघितलं तेव्हा ते रांगेच्या टोकाला उभं राहावं तसे तिच्या पायाशी वाकले, एक डोळा मिटला.

"सरी," म्हणाले.